कंसातली नावे

1940 साली मी वडूजच्या मामलेदार कचेरीत उमेदवार कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा तेथील वयोवृद्ध अव्वल कारकुनांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून जो धडा दिला, त्याने माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीला आणि तिच्याबरोबर माझ्या विचारालाही कायमचे वळण लावले. धडा असा, की हक्कनोंदणीच्या कागदावर खाडाखोड करायची नाही. खातेदार मयत झाला, जमीन विकली गेली किंवा वाटपात भावाकडे गेली, तरी जुने नाव चाकूने खरवडायचे नाही की शाईने झाकायचे नाही. त्या नावाला कंस करायचा, त्याच्याखाली नवे नाव लिहायचे आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक मांडायचा. फेरफारही असा, की आधी वर्दी घ्यावी, तिची नक्कल चावडीवर लावावी, ज्यांचा हितसंबंध असेल त्यांना नोटीस द्यावी, कोणी हरकत घेतली तर ती तक्रारी नोंदवहीत चढवून तिची चौकशी करावी, आणि मगच अधिकाऱ्याने गावी जाऊन, चार माणसांदेखत वाचून दाखवून, नोंद प्रमाणित करावी. "कंसातले नाव वाचता आले पाहिजे," असे ते म्हणत, आणि मी लिहिलेला पहिला कंस जरा जाड होऊन अक्षरांवर आला, तेव्हा त्यांनी मला ते संपूर्ण पान पुन्हा लिहावयास लावले.

निवृत्तीनंतर स्नेहीमंडळींत राजकारणाची चर्चा निघाली की मला कोणी परंपरावादी म्हणतात आणि कोणी सनातनी. यांपैकी पहिले विशेषण मी आनंदाने स्वीकारतो. दुसरे स्वीकारत नाही. जुने ते सोने असे मी कधीच मानले नाही, कारण जुन्या नोंदी वाचण्यात ज्याची हयात गेली त्याला त्या सोन्यात किती हीण मिसळलेले असते हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की समाजातला बदल हा फेरफाराच्या रीतीने व्हावा: वर्दी देऊन, हरकती ऐकून, चौकशी करून, आणि पूर्वी काय होते ते पुढच्या माणसाला वाचता येईल अशा बेताने. हे मत ग्रंथ वाचून बनलेले नाही. ते बनले ते डोळ्यांसमोर घडलेल्या काही प्रसंगांमुळे, आणि त्यांतले काही प्रसंग माझ्या मताला अनुकूल नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे.

आमचे घराणे कुळकर्णी वतनदारांचे. माजघरातल्या फडताळात गावच्या दप्तराचे रुमाल रचून ठेवलेले असत, आणि त्याच्या समोरच्या कोनाड्यात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती. त्यामुळे लहानपणी नमस्कार करताना आपण देवाला करतो आहोत की दप्तराला, याचा मला कधी कधी भ्रम पडे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते आषाढीची वारी पायी करीत आणि 'केसरी' शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत. लोकमान्यांनी 1891 साली संमतिवयाच्या विधेयकाला केलेला विरोध हा त्यांच्या सामाजिक मतांचा पाया होता: समाजाच्या चालीरीतींत सुधारणा व्हायची ती समाजाने आपल्या बुद्धीने करावी, परक्या सरकारने कायद्याचा बडगा उगारून ती करू नये. या युक्तिवादात 'परक्या' या शब्दावर किती भार आहे, हे मला तेव्हा उमगले नव्हते; अण्णांनाही उमगले नसावे.

9 सप्टेंबर 1942 या दिवशी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला. जयराम स्वामींच्या वडगावचे परशुराम घार्गे त्या मोर्चाचे पुढारी होते. कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढाच त्यांचा संकल्प होता. मी कचेरीच्या आत होतो. माझ्यासमोर आवक-जावकाचे रजिस्टर उघडे होते, हातात टाक होता, आणि बाहेरून येणाऱ्या घोषणा ऐकत असताना मी वेळ घालविण्यासाठी आधीच पूर्ण असलेल्या रकान्यांच्या रेघा पुन्हा ठळक करीत होतो. मग गोळीबाराचे आवाज आले. घार्गे यांच्यासह नऊ माणसे त्या दिवशी हुतात्मा झाली. संध्याकाळी रजिस्टर बंद करताना त्या तारखेखाली मला सहीशिवाय काही लिहिता आले नाही, आणि ती सही आजही मला माझ्या आयुष्यातली सर्वांत अप्रामाणिक सही वाटते. कारण त्या दिवशी जे आवक झाले आणि जे जावक झाले, ते नोंदविण्याचा रकानाच त्या वहीत नव्हता.

राजीनामा लिहून खिशात घालून मी गावी गेलो. अण्णांनी तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "नोकरी सोडायची तर सोड, पण तू सरकारचे दप्तर सांभाळतोस असे समजून सोडू नकोस. दप्तर रयतेचे आहे. राज्य बदलेल, आणि बदलले पाहिजे. पण ज्या दिवशी बदलेल त्या दिवशीही कोणाची जमीन कोणती हे सांगणारा माणूस लागेल." मी राजीनामा दिला नाही. अण्णांचे म्हणणे खरे होते, असे पुढे पाच वर्षांनी अनुभवास आले. पण त्यांच्या शब्दांमागे मी माझी भीती लपविली, हेही तितकेच खरे आहे. देशभक्तीचे माझे सगळे चिंतन त्या दिवसापासून सुरू होते, आणि म्हणूनच त्या विषयावर मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसांसमोर मी आजही गप्प बसतो. त्या नऊ जणांनी एका दिवसात जे दिले, त्याच्या शेजारी माझी चौतीस वर्षांची सेवा मांडण्याचे धाडस मला होत नाही.

स्वराज्य आले, आणि साडेपाच महिन्यांत, 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींचा खून झाला. खुनी ज्या जातीचा, त्या जातीत आम्ही जन्मलो होतो. सातारा जिल्ह्यात त्यानंतरच्या दिवसांत जी घरे पेटली त्यांत आमचे घर होते. अण्णांनी देव्हाऱ्यातल्या मूर्ती उपरण्यात बांधून बाहेर आणल्या. दप्तराचे रुमाल आणता आले नाहीत. सहा पिढ्यांची मोडी कागदपत्रे रात्रभर जळत राहिली. घर कोणी पेटविले हे अण्णांनी पोलिसांना सांगितले नाही आणि मीही त्यांना कधी विचारले नाही. गांधीजींच्या मरणाचे दुःख आमच्या घरातही होते. ते व्यक्त करण्याचा अधिकार मात्र त्या रात्री आमच्याकडून काढून घेतला गेला, आणि ही जखम घर जळाल्याच्या जखमेपेक्षा खोल गेली.

पुढे दोन महिन्यांनी माझ्यापुढे कचेरीत नकलांसाठी अर्ज येऊ लागले. अर्जदार आमच्याच गावची कुळे होती. आमच्या माजघरात जे जळाले त्यात त्यांच्या कबुलायती होत्या, पाणीवाटपाच्या पाळ्यांचे ठराव होते, भावाभावांच्या वाटण्या होत्या. कुळकर्ण्याचे म्हणून जे पेटविले गेले ते वस्तुतः सगळ्या गावाचे होते. तालुक्याच्या रेकॉर्डखोलीतून जुने फेरफार आणि जमाबंदीचे तक्ते शोधून मी त्यांना नकला काढून दिल्या. या कामात उदारपणा होता असे कोणी समजू नये. ते माझे रोजचे काम होते. परंतु एकेका नकलेवर 'अस्सलबरहुकूम' असे लिहून सही करताना मला अण्णांच्या वाक्याचा अर्थ कळला. आग ही नोंद खोडण्याची सर्वांत जलद रीत आहे. आणि ज्यांना न्याय हवा असतो त्यांचाच पुरावा ती आधी खाते.

यानंतरचे दशक हे माझ्या वर्गाच्या पीछेहाटीचे दशक होते, आणि त्या पीछेहाटीचे हुकूम लिहिणाऱ्यांत मी होतो. परगणा व कुळकर्णी वतने 1 मे 1951 पासून नष्ट झाली. 1948 च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक झाले. कलम 32-ग खाली खरेदीची किंमत ठरविण्याचे काम मी दुसऱ्या तालुक्यात करीत असताना, आमच्या तालुक्यात दुसरा कोणी आमच्या जमिनीची किंमत ठरवीत होता. अण्णा त्या चौकशीस हजर राहिले, कुळाचा जबाब त्यांनी मान्य केला, आणि घरी येऊन म्हणाले की नोटीस वेळेवर आली होती, बोलू दिले, आणि बसायला खुर्ची दिली. जमीन गेल्याचे दुःख त्यांना होते. तरीही 1948 च्या रात्रीविषयी जे मौन त्यांनी पाळले, तसले मौन या बाबतीत त्यांना कधी पाळावे लागले नाही; कारण येथे त्यांचे जे गेले ते रीतीने गेले होते, आणि रीतीने गेलेल्या गोष्टीविषयी माणूस दुःख करू शकतो, तिच्याविषयी द्वेष धरीत नाही.

याच सुमारास माझे राजकीय मत निश्चित झाले. जानेवारी 1959 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजाजींनी, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, स्वतंत्र पक्षाची स्थापना केली. सरकारी नोकर या नात्याने मी कोणत्याही सभेस गेलो नाही. परंतु राजाजींचे म्हणणे माझ्या कामाच्या अनुभवाशी जुळत होते, हे लपविण्याचे आता कारण नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या कुळाचे नाव मी स्वतःच्या हाताने मालकाच्या रकान्यात लिहिले, त्या नावाला पुन्हा कंस करून तेथे एखाद्या सोसायटीचे नाव लिहावे, ही कल्पना मला असह्य वाटली. सहकाराला माझा विरोध नव्हता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला साखर कारखाना हा सहकारच होता. पण तेथे ऊस एकत्र गाळला जाई, आणि जमीन ज्याची त्याच्या नावावर राही. शेतकऱ्याने कारखाना स्वीकारला आणि संयुक्त शेती नाकारली, यात त्याचे अज्ञान नव्हते; आपले नाव जेथे लिहिलेले आहे तेथेच आपली जबाबदारी आहे, हे त्याचे जुने आणि पक्के शहाणपण होते. राज्याने न्यायाची रीत सांभाळावी, दुर्बलाला आधार द्यावा, आणि माणसाचे घर, शेत व देवघर त्याच्या स्वाधीन ठेवावे: परंपरावादी राजकारणाची माझी व्याख्या एवढीच आहे.

या व्याख्येला सर्वांत मोठा धक्का बसला तो कनिष्ठ गावकामगार वतनांच्या कामात. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात 1928 साली विधेयक आणले होते. ती वतने प्रत्यक्षात नष्ट झाली 1 ऑगस्ट 1959 रोजी. म्हणजे ज्या रीतीचे मी गुणगान करतो, त्या रीतीने एकतीस वर्षे घेतली. त्या कामासाठी वतन रजिस्टरे तपासताना मला प्रथमच नीट दिसले, की आमच्या वतनाच्या नोंदीत मान होता आणि त्यांच्या नोंदीत रात्रंदिवसाची राबणूक होती. दोन्ही नोंदी एकाच कायद्याखाली, एकाच हस्ताक्षरात होत्या, आणि ते हस्ताक्षर माझ्या पूर्वजांसारख्याच कोणा कुळकर्ण्याचे होते. एका गावी जमिनीच्या पुनर्प्रदानाची नोंद वाचून दाखविली, तेव्हा समोरचे वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. ते बौद्ध झालेले होते. त्यांनी विचारले, "जुन्या नोंदीचं काय करता, साहेब?"

"तिला कंस होतो, बाबा. खाली तुमचे नाव खातेदार म्हणून येते."

"कंस नको. खोडून टाका. वाचता येऊ नये असं खोडा."

मी त्यांना नियम सांगितला. जुनी नोंद राहिली तरच पुढे कोणी हक्काविषयी वाद घातला तर पुरावा राहील, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सही केली. अंगठा उठविण्यासाठी तलाठ्याने पुढे केलेली शाईची डबी त्यांनी हाताने बाजूला सारली होती. जाताना ते म्हणाले, "तुम्हाला वाचायला बरं वाटत असंल. आम्हाला ते पाठ आहे." माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. नियम मी मोडला नसता, आणि मोडायला नको होता, असे मी अजूनही मानतो; परंतु जुने जपून ठेवावे असे म्हणणाऱ्याने, त्या जुन्यात दुसऱ्याने काय भोगले याचा भारही स्वतःच्या खांद्यावर घेतला पाहिजे, हे त्या दिवसापासून मी माझ्या मताचा अविभाज्य भाग मानीत आलो आहे. असा भार न घेता जो परंपरेचे नाव घेतो तो केवळ आपल्या सोयीचे नाव घेतो.

आता श्रद्धेविषयी. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणास बसले आणि मंदिर खुले झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. अण्णांची वारी त्या वर्षी थांबली. त्यांनी वाद घातला नाही, पत्रके काढली नाहीत. आषाढ आला की ते घरीच मूर्तीसमोर बसून हरिपाठ म्हणत. त्यांचा जुना युक्तिवाद त्यांना आता उपयोगी पडत नव्हता, कारण कायदा करणारे सरकार परके राहिले नव्हते, आणि उपोषण करणारा माणूस तर संतांच्याच वाणीत बोलत होता. मी त्यांच्याशी या विषयावर कधी बोललो नाही. जे मत माणसाच्या श्रद्धेशी जखडलेले असते ते वादाने सुटत नाही. त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो, असे मला वाटे. कृषकदिनाच्या दुसऱ्या वर्षी, 1958 च्या ज्येष्ठात, अण्णा एकाएकी म्हणाले, "या वर्षी मला पंढरीला ने. आता पायी जमणार नाही." आम्ही एस.टी.ने गेलो. दर्शनबारीत पुढे कोण, मागे कोण, हे त्यांनी पाहिले नाही. पायांवर डोके ठेवून बाहेर आल्यावर नामदेव पायरीजवळ ते बराच वेळ उभे राहिले. नामदेवांच्या त्या पायरीसमोरच, महाद्वारात, चोखोबांची समाधी आहे. तिच्याकडे हात जोडून ते म्हणाले, "विठोबा तोच आहे. अकरा वर्षे मी चुकवली." माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी स्वतःच्या मनातला फेरफार त्या दिवशी स्वतःच प्रमाणित केला.

श्रद्धा माणसाला अशी आतून वाकवू शकते, म्हणूनच तिला राजकारणात राबवू नये असे मला वाटते. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीत दिलेला इशारा, की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, परंतु राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा माझ्यासारख्या वारकरी घरात वाढलेल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. पायांवर डोके ठेवण्याची सवय आम्हाला जन्मापासून असते. ते डोके कोठे ठेवायचे आणि कोठे ताठ ठेवायचे, याचा विवेक हाच परंपरेचा खरा उपदेश आहे. विटेवरचा देव कोणाकडे मत मागत नाही.

देशभक्तीचा अर्थ मला सांगितला तो साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले, आणि त्यांचा स्मृतिस्तंभ ब्रिटिश सरकारने गावात उभारला. 1962 च्या युद्धानंतर आणि पुन्हा 1965 मध्ये वारसाच्या दाखल्यांच्या आणि पेन्शनच्या कामासाठी माझे त्या भागात जाणे होई. प्रथम गेलो तेव्हा मी मनात म्हणालो, की ही माणसे परक्यांच्या झेंड्याखाली मेली. स्वराज्यात यांच्या दगडाला काय मान असणार? परंतु गावाने तो दगड पाडला नव्हता, आणि लाज म्हणून झाकलाही नव्हता. नवी पिढी त्याच्यासमोरून जाताना हात जोडून नव्या झेंड्याखाली भरती होत होती. राज्याची नोंद बदलली, घराण्याची चाकरी तीच राहिली. जुन्या नोंदीला गावाने जणू कंस केला होता. वडूजच्या कचेरीत टाक हातात धरून बसलेल्या त्या तरुण कारकुनाला पूर्ण क्षमा त्या गावाने दिली असे मी म्हणणार नाही. परंतु तो जेथे बसला होता तेथून देशाचे काही काम होऊ शकते, एवढा दिलासा मला तेथे मिळाला.

अण्णा 1961 साली गेले. त्यांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार झाला, त्याची नोटीस मला नोकरीच्या गावी मिळाली आणि मी ती सही करून परत धाडली. पान मात्र पाहिले नव्हते. निवृत्त झाल्यावर 1974 च्या दिवाळीत गावी गेलो आणि चावडीत तलाठ्याकडून ते, आणि कुळाकडे गेलेल्या जमिनीचा उताराही, मागून घेतला. ज्या सर्व्हे नंबराची किंमत 1957 नंतर ठरली होती, त्याच्या उताऱ्यावर सर्वांत वर आजोबांचे नाव कंसात होते, त्याखाली अण्णांचे कंसात, त्याखाली आमच्या कुळाचे. आणि तेही मधल्या काळात वारल्यामुळे कंसात. सर्वांत खाली त्याच्या मुलाचे नाव होते. तो मुलगा, म्हणजे चाळिशीचा बाप्या, सारा भरण्यासाठी तेथेच आलेला होता. 1948 च्या त्या रात्री त्याचे वडील कोठे होते हे मला ठाऊक नाही. त्याने माझ्या शेजारी बसून कागद स्वतःकडे ओढला, स्वतःच्या नावावर बोट ठेवले आणि शाळेतल्या मुलासारखे मोठ्याने, खालून वर, एकही कंस न वगळता वाचीत गेला: स्वतःचे नाव, मग त्याच्या वडिलांचे, मग अण्णांचे. आजोबांच्या नावाशी तो जरा अडखळला. शाई फिकी झाली होती. मग कागद उजेडाकडे धरून त्याने तेही नाव पुरते वाचले आणि मला विचारले, "हे तुमचे कोण, काका?"